स्प्रिंग बसवल्यानंतरची धाव

अटॅक येऊन गेलेल्या माणसाने उरलेले आयुष्य जपून काढावे, जिना टाळावा, मळ्याकडे जायचे झाल्यास कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जावे, ही समजूत सांगली-सातारा भागात एकेकाळी घरोघर होती आणि डॉक्टरांचाही तिला बराचसा दुजोरा असे. वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या उरुण-इस्लामपुरात (ज्याचे नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली) ती समजूत अजून पुरती गेलेली नाही. परंतु तिला न जुमानणारा एक नवा माणूस या भागातल्या रस्त्यांवर दिसू लागला आहे. त्याने साठी ओलांडलेली आहे, त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक-दोन स्टेंट आहेत, रोज सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या आहेत, आणि तरीही आठवड्यातले चार-पाच दिवस तो उजाडण्यापूर्वी बूट चढवून धावायला निघतो.

हा माणूस निर्माण होण्यामागे वैद्यकीय आणि सामाजिक अशी दोन्ही कारणे आहेत. अँजिओप्लास्टी, म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी सरकवून अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंदावणे आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आत धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवणे, ही प्रक्रिया पूर्वी पुण्या-मुंबईची मानली जाई. ती आता कऱ्हाड, सांगली, मिरज आणि कोल्हापूर येथे होते, आणि लोक तिला सरळ ‘स्प्रिंग बसवली’ असे म्हणतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेकांचा खर्च भागू लागला, त्यामुळे ऊस बागायतदाराइतकाच कारखान्यातला कामगारही या उपचारापर्यंत पोचला. दक्षिण आशियातील लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा लवकर येतो, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. ‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांत झालेल्या अभ्यासात तो येण्याचे मध्यक वय दक्षिण आशियात ५३, तर इतरत्र सुमारे ५९ आढळले होते. पन्नाशीत अटॅक आलेला आणि वेळेवर उपचार मिळालेला माणूस पासष्टीत पोचतो तेव्हा त्याच्या दुरुस्त झालेल्या हृदयाला दहा-बारा वर्षे झालेली असतात आणि पाय मात्र धडधाकट असतात, ही स्थिती याआधीच्या पिढीच्या वाट्याला फारशी आलेली नव्हती.

सामाजिक कारण जवळच्या साताऱ्यात सापडते. तेथील हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली, २०१५ मध्ये एकाच डोंगरावरील शर्यतीत सर्वाधिक स्पर्धक धावल्याची गिनेस नोंद तिच्या नावावर लागली, आणि धावणे ही शाळा-कॉलेजातल्या खेळाडूंची मक्तेदारी नसून किराणा दुकानदाराने, शिक्षकाने, निवृत्त अधिकाऱ्यानेही करायची गोष्ट आहे, हे या पट्ट्यात रुजले. धावण्याच्या या लाटेत हृदयविकार असलेली माणसेही आली. त्यांचे कौतुक बहुधा ‘जिद्द’ या एका शब्दात उरकले जाते. प्रत्यक्षात जिद्दीचा वाटा त्यात फार थोडा असून वेळापत्रक, मोजमाप आणि सोबत यांचा मोठा आहे, आणि ज्या दोन गोष्टी अशा धावपटूला सर्वांत जड जातात, म्हणजे हळू धावणे आणि आपला आजार चारचौघांत सांगणे, त्यांवरच सगळा डोलारा उभा असतो.

पहाटेचा रस्ता

इस्लामपुरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर, मग तो पेठ नाक्याकडचा असो, आष्ट्यावरून सांगलीला जाणारा असो, ताकारीचा असो वा साखराळ्याच्या राजारामनगरकडचा, पहाटे पाचनंतर जी वर्दळ असते तिच्यात सर्वांत वेगवान असतात ती भरतीची मुले. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची कसोटी असते. त्यामुळे हातातल्या मोबाइलवर सेकंद मोजत अंगातली सगळी रग एका मैलात ओतणाऱ्या या मुलांशेजारून वयस्क धावपटूला आपल्या संथ चालीने जावे लागते. हे दिसते तितके सोपे नाही. ज्याने तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढल्या, ज्याच्या गावाला कुस्तीचा अभिमान आहे, त्याला मागून येणारे पोर ओलांडून गेले की पायांत आपोआप वेग येतो, आणि तोच वेग त्याने आवरायचा असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्याचे रूप पालटते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, टायरच्या बैलगाड्या, दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेले उसाचे शेंडे आणि बहुतेक वाहनांना मागे दिव्याचा पत्ता नाही, अशी ती रांग असते. समोरून येणारे वाहन दिसावे म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे, हा सर्वमान्य नियम येथेही उपयोगी आहे. पण ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस चाकापेक्षा बराच अलीकडे पोचतो, म्हणून जाणकार धावपटू ट्रॅक्टरचा आवाज येताच डांबर सोडून साइडपट्टीवर उतरतात आणि ट्रॉली पुढे गेल्यावरच पुन्हा वर येतात. वयाच्या ८९ व्या वर्षी मॅरेथॉन धावू लागलेले फौजा सिंग २०२५ च्या जुलैमध्ये गेले ते हृदयामुळे नव्हे, तर जालंधरजवळच्या आपल्या गावापाशी रस्त्यावर वाहनाची धडक बसून. हृदयाच्या काळजीत असलेल्या कुटुंबांना रस्त्याची ही धास्ती सहसा दुय्यम वाटते, ती तशी वाटू नये.

हंगामात आणखी एक अडचण असते ती धुराची. तोडणी झालेल्या फडातले पाचट अनेक ठिकाणी पेटवले जाते, गुऱ्हाळांची धुराडी पहाटेपासून चालू असतात, आणि कृष्णाकाठच्या थंडीत हा धूर वर न जाता धुक्याबरोबर शेतांवर पसरून राहतो. हवेतील अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांतून रक्तापर्यंत परिणाम घडवतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हे आता प्रस्थापित ज्ञान आहे. शिवाय धावताना माणूस बसल्या जागी घेतो त्याच्या कितीतरी पट हवा आत ओढत असतो. थंड हवेनेही रक्तवाहिन्या आकसतातच. त्यामुळे डिसेंबरात फड पेटलेल्या दिवशी धाव रद्द करणे, किंवा ऊन वर आल्यावर गावातल्या मैदानावर फेऱ्या मारणे, हा आळस नसून हिशोब असतो. पहाटेला मराठी मनात जे पावित्र्य आहे त्याच्याशी हृदयशास्त्राचे फारसे जमत नाही, कारण झोपेतून उठल्यानंतरच्या काही तासांत रक्तदाब आणि ताणाची संप्रेरके चढतात आणि हृदयविकाराचे झटके दिवसाच्या याच भागात अधिक येतात. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या रुग्णांत मात्र सकाळ आणि संध्याकाळ यांत मोठा फरक आढळलेला नाही. तेव्हा पहाट सोडलीच पाहिजे असे नाही. अंथरुणातून उठून थेट रस्त्यावर धावत सुटणे तेवढे टाळावे लागते.

राहता राहिली कुत्री. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या मागे कुत्रे लागले आणि तो पडला, तर गुडघ्याची साधी खरचटही बराच वेळ वाहत राहते, आणि डोक्याला मार लागल्यास वरून जखम दिसत नसली तरी तपासणी करून घ्यावी लागते. म्हणून कित्येक वयस्क धावपटूंच्या हातात पहाटे काठी दिसते.

पट्टी, पंपिंग आणि चालता पट्टा

हृदयाची क्षमता ठरते ती तीन चाचण्यांवर, आणि तिन्हींना येथे स्वतःची बोलीतली नावे आहेत. ईसीजी म्हणजे ‘पट्टी काढणे’. ती हृदयातील विद्युत् लहरींचा आलेख दाखवते, पण विश्रांतीच्या वेळची पट्टी चांगली आली म्हणून धावताना सारे चांगले राहील असे तिच्यावरून म्हणता येत नाही. टू-डी इको म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र पाहणे, आणि त्यातून जो आकडा सर्वांच्या तोंडी बसतो तो ‘पंपिंग’चा. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, याचे ते माप असून निरोगी माणसातही ते साधारण ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असते. घरोघर हा आकडा परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखा वाचला जातो आणि ‘साठच टक्के राहिलंय’ असे म्हणत धडधाकट हृदयाच्या माणसाला पलंगावर बसवले जाते, हा गैरसमज दूर करायला डॉक्टरांची दोन मिनिटे पुरतात, पण गर्दीच्या ओपीडीत तीच नसतात.

तिसरी चाचणी धावपटूच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ट्रेडमिल टेस्टमध्ये छातीवर तारा चिकटवून माणसाला सरकत्या पट्ट्यावर चालवले जाते. ब्रूस पद्धतीत सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेग आणि दहा टक्के चढ अशी होते आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. किती वेगाला छातीत भरून येते, आलेखातली रेषा कोठे खाली बसते, रक्तदाब अपेक्षेप्रमाणे चढतो की उलट घसरतो, ठोक्यांची लय बिघडते का, हे सर्व नोंदले जाते, आणि निकाल ‘मेट’ या एककात सांगितला जातो. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराला लागणारा प्राणवायू. ताशी आठ किलोमीटरने धावायला साधारण आठ मेट लागतात. ज्याच्या आलेखात सात मेटला बदल दिसू लागतात त्याने ताशी आठने धावणे म्हणजे आपल्या हृदयाला रोज उधारीवर चालवणे होय. त्याची धाव त्या खालीच, पुरेसे अंतर राखून बसवावी लागते.

पुढचा प्रश्न असा की रस्त्यावर हे अंतर ओळखायचे कसे? तरुणांसाठी प्रचलित असलेले ‘२२० वजा वय’ हे ठोक्यांचे सूत्र येथे निकामी ठरते, कारण यातले अनेक जण मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर वर्गातील गोळ्या घेत असतात. या गोळ्या हृदयाचा वेग मुद्दाम आवरून धरतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात ठोके ११० च दिसत असताना शरीर मात्र पुरते दमलेले असू शकते. म्हणून जाणिवेवर आधारलेली मापे वापरली जातात. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० ही श्रमपट्टी त्यांतली एक. तिच्यावर साधारण ११ ते १३, म्हणजे ‘हलके’ ते ‘थोडेसे जड’, ही बहुतेकांची रोजची पातळी असते. पट्टी लक्षात न राहणाऱ्यांसाठी बोलण्याची कसोटी आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले तर वेग ठीक, एकेक शब्द धापा टाकत येऊ लागला तर वेग जास्त. या कसोटीसाठी सोबती लागतो, हा तिचा न सांगितला गेलेला फायदा.

धावेचा आकारही नेहमीपेक्षा वेगळा असतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे नुसते चालणे, मग तीन-चार मिनिटे धाव आणि एक-दोन मिनिटे चाल असा क्रम, आणि शेवटी पुन्हा दहा मिनिटे चाल. सुरुवातीच्या चालण्याने रक्तवाहिन्या हळूहळू सैलावतात. शेवटचे चालणे तर त्याहूनही आवश्यक, कारण धावता धावता एकदम थांबल्यास रक्त पायांत साचते, रक्तदाब कोसळतो आणि लय बिघडण्याची शक्यता नेमकी त्या क्षणांत वाढते. भरतीची मुले रेषा ओलांडताच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहतात. स्टेंटवाल्या काकांनी त्यांचे हे अनुकरण मुळीच करू नये.

बोस्टन, होनोलुलू, मुंबई

हृदयरुग्णाने धावावे हा विचार आजचा नव्हे. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुमजली बसगाड्यांच्या जिन्यांवरून दिवसभर चढउतार करणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे दिसले. एसटीच्या गाड्यांना जिने नसल्याने आपल्याकडच्या वाहकांना हा लाभ नाही, एवढेच. पुढे कॅनडातील टोरांटो येथे डॉ. टेरेन्स कॅव्हनॉ यांनी अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना चालण्यापासून धावण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने नेले आणि १९७३ मध्ये त्यांच्यापैकी काहींना बोस्टन मॅरेथॉनमध्ये उतरवले. त्याच वर्षी सुरू झालेल्या होनोलुलू मॅरेथॉनमागेही डॉ. जॅक स्कॅफ हे हृदयरोगतज्ज्ञच होते.

उत्साहाच्या भरात यातून एक चूक झाली. मॅरेथॉन पूर्ण करू शकणाऱ्या माणसाच्या हृदयवाहिन्या तुंबणारच नाहीत, असा दावा थॉमस बॅस्लर या अमेरिकन डॉक्टरांनी त्या दशकात केला, आणि दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी उलट पुरावे मांडूनही तो लोकांच्या मनात राहिला. १९८४ मध्ये जिम फिक्स हे धावण्यावरील सर्वाधिक खपाच्या पुस्तकाचे लेखक वयाच्या ५२ व्या वर्षी धावतानाच गेले. शवविच्छेदनात त्यांच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. धावणे हृदयाचे रक्षण करते, पण अभय देत नाही, हे त्यानंतर कोणाला पटवून द्यावे लागले नाही.

महाराष्ट्रात या विचाराला रूप आले ते २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यावर. शर्यतीची वैद्यकीय व्यवस्था दीर्घकाळ पाहणाऱ्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. आशिष कॉन्ट्रॅक्टर यांच्यासारख्या पुनर्वसनतज्ज्ञांनी हृदयरुग्णांना व्यायामाच्या शिस्तीत बसवले आणि त्यांतले काही शर्यतीतही उतरले. येथे ‘पुनर्वसन’ म्हणजे अटॅक किंवा बायपासनंतरचा देखरेखीखालचा व्यायाम, आहार, औषधे आणि धीर यांचा एकत्र कार्यक्रम. बायपासमध्ये उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, कापून पुन्हा तारेने बांधलेले असते आणि ते घट्ट सांधायला दोन-तीन महिने जातात, त्यामुळे बायपासवाल्याची वाट अँजिओप्लास्टीवाल्यापेक्षा लांबची. असा कार्यक्रम मोठ्या शहरांबाहेर आजही विरळाच आहे. तालुक्याच्या गावात डिस्चार्ज कार्डावर ‘रोज चालावे’ एवढी एक ओळ मिळते आणि बाकीचे माणसाने स्वतः शोधून काढायचे असते. सगळ्या उपचारसाखळीतला हा सर्वांत स्वस्त दुवा सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

गोळ्यांचे वेळापत्रक

या धावपटूचा दिवस बुटांपेक्षा गोळ्यांच्या डब्याभोवती अधिक फिरतो. ॲस्पिरिन जेवणानंतर, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन बहुधा रात्री, रक्तदाबाची सकाळी, असा साधारण क्रम असतो; पण धावण्याशी प्रत्येक गोळीचा संबंध निराळा आहे. स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात आणि ते दुखणे कालच्या धावेचे की गोळीचे, हे ठरवणे कठीण जाते. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याने एप्रिल-मेच्या उन्हात धावल्यास शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. टिकाग्रेलॉर हे रक्त पातळ ठेवणारे औषध काहींना विनाकारण दम लागल्यासारखे करते, आणि तो दम हृदयाचा समजून घाबरलेला माणूस धावणे सोडून देतो. यांपैकी कोणतीही गोळी मनाने बंद करणे धोक्याचे. स्टेंट नवा असताना रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवल्यास आतल्या जाळीवर गुठळी धरू शकते.

खरा धोका मात्र चिठ्ठीवर नसलेल्या गोळीचा असतो. गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी मागून घेणे हा येथला सर्रास रिवाज आहे. युरोपातील औषध नियामकांनी २०१३ मध्येच हृदयवाहिन्यांचा विकार असलेल्यांसाठी डायक्लोफिनॅक वर्ज्य ठरवले; तिने अटॅकचा धोका वाढतो, आणि ॲस्पिरिनच्या जोडीने घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचीही भीती असते. गुडघ्याच्या दुखण्यावर बर्फ, विश्रांती आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा मार्ग वेळखाऊ असला तरी या माणसाला दुसरा मार्ग नाही.

छातीत भरून आल्यावर घ्यायच्या जिभेखालच्या गोळीचे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सॉर्बिट्रेटची पट्टी धावायच्या पँटच्या खिशात मावत नाही म्हणून घरात कात्रीने तिचे दोन गोळ्यांचे तुकडे केले जातात, आणि नेमके त्या कापण्यात औषधाचे नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर जाते. दीड-दोन वर्षे घामाने भिजत आणि वाळत राहिलेला असा तुकडा खिशात असतो खरा, पण त्यातली गोळी चालू आहे की बाद, हे कोणालाच सांगता येत नाही. लहान प्लॅस्टिक पिशवी आणि तिच्यात चिकटवलेला मुदतीचा कागद, एवढ्यात हे निभते. गोळी घेताना आधी खाली बसायचे, मग ती जिभेखाली ठेवायची, कारण तिने रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

पित्त की छाती

छातीत जळजळले, ढेकर येत राहिले, जबड्यात किंवा डाव्या खांद्यात दाटल्यासारखे वाटले, तर या भागातला पहिला निष्कर्ष असतो ‘पित्त झालंय’ आणि पहिला उपाय सोडा किंवा ॲसिडिटीची गोळी. रात्रीचा तांबडा रस्सा आणि खर्डा लक्षात घेता तो निष्कर्ष अगदीच निराधार म्हणता येत नाही. तरी धावपटूला एक फरक वापरता येतो: श्रमाबरोबर वाढणारे आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरणारे दुखणे हृदयाचे मानावे, मग ते छातीत असो, दातांत असो की पोटाच्या वरच्या भागात. नेहमीच्या चढाला नेहमीच्या वेगाने जाताना एखाद्या आठवड्यात दम अधिक लागू लागणे, पूर्वी तीन किलोमीटरवर येणारे भरून येणे एका किलोमीटरवर येणे, किंवा बसल्या जागी ते येणे, ही धोक्याची पायरी आहे आणि तेथे धाव नव्हे तर दवाखाना. ठोके अचानक वेडेवाकडे पडू लागणे ही आणखी एक तक्रार. स्वीडनमधील वासालॉपेट या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीतील बावन्न हजारांहून अधिक स्पर्धकांच्या अभ्यासात, अधिक शर्यती केलेल्यांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचे प्रमाण अधिक दिसले होते. म्हणजे वर्षानुवर्षांच्या कष्टाचीही काही किंमत असते.

स्त्रियांच्या बाबतीत हा गोंधळ आणखी वाढतो, कारण त्यांच्यात छातीतल्या कळेपेक्षा थकवा, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे ही लक्षणे अनेकदा ठळक असतात. साडीवर बूट घालून पहाटे चालणाऱ्या बायकांचे घोळके इस्लामपूरसारख्या गावांत आता नवे नाहीत, पण धावणारी साठीतली बाई अजून वेगळीच समजली जाते. बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, तेही पतीच्या उपचारांच्या पैशासाठी. त्यांच्यावर सिनेमा निघाला. नवऱ्याच्या औषधासाठी धावणाऱ्या बाईची गोष्ट सर्वांना भिडली, स्वतःच्या हृदयासाठी धावणाऱ्या बाईला मात्र घरातून निघताना आधी स्वयंपाकाचे काय, याचे उत्तर द्यावे लागते.

सांगितलेला आजार

आजार लपवण्याची प्रवृत्ती पुरुषांत प्रबळ आहे. घरी सांगितले तर धावणे बंद होईल, गटात सांगितले तर लोक हळहळतील, शर्यतीच्या अर्जात लिहिले तर प्रवेश नाकारतील, ही तीन भये तिच्यामागे असतात, आणि त्यांतले तिसरे अगदीच खोटे नाही. तरीही हिशोब स्पष्ट आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख स्पर्धकांत ५९ जणांचे हृदय धावताना बंद पडले आणि त्यांतले ४२ दगावले. २०१० ते २०२३ या पुढच्या काळात हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, मृत्यूंचे मात्र निम्म्यावर आले. धावणाऱ्यांची हृदये या काळात सुधारली नव्हती; शेजारच्या माणसाने ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करणे आणि विजेचा झटका देणारे यंत्र जवळ असणे, या दोन गोष्टी वाढल्या होत्या.

इस्लामपूरहून सांगली, कऱ्हाड वा कोल्हापूर हे प्रत्येकी साधारण तीस ते पन्नास किलोमीटरच्या टप्प्यात आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून सेवेत आहे. परंतु हृदय बंद पडल्यावर मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि बह्याच्या रामलिंग बेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहिल्या पाच मिनिटांत पोचेल असा माणूस म्हणजे बरोबर धावणाराच. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहणे एवढेच त्याला यावे लागते; तोंडाने श्वास देण्याची अट सामान्य माणसासाठी आता धरली जात नाही. भरतीची मुले हे एका सकाळी शिकू शकतात, आणि त्यांच्याइतके दमदार हात गावात दुसऱ्या कोणाचे नाहीत. वयस्क धावपटूने त्यांच्याशी वेगाची बरोबरी करण्याऐवजी ओळख वाढवावी, हे म्हणूनच अधिक शहाणपणाचे.

यवतेश्वरचा घाट

वर्षाचा सर्वांत अवघड निर्णय पावसाळ्यात येतो. साताऱ्याची शर्यत शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वर जाते आणि त्याच वाटेने उतरते. २०२२ मध्ये याच शर्यतीत एक तरुण धावपटू कोसळून मरण पावला. मुंबईत २०२० मध्ये चौसष्ट वर्षांचा एक स्पर्धक आणि २०२४ मध्ये दोघे असेच गेले. या बातम्या आल्या की घरातली चर्चा दोन दिवस तापते आणि धावपटू गप्प बसतो. पेठ-इस्लामपूर ही पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या मुरलीकांत पेटकर यांची जन्मभूमी असल्याने, शरीराच्या मर्यादा ओलांडण्याच्या गोष्टींना येथे नेहमीच टाळ्या मिळतात. या माणसाचा प्रश्न मात्र मर्यादा ओळखण्याचा असतो, आणि त्याला टाळ्या नसतात.

घाटाबद्दल एक भ्रम असा की चढ हृदयाला कठीण आणि उतार सोपा. चढावर हृदयावर भार येतो हे खरे, पण तो भार माणसाला कळतो आणि चालू लागून कमी करता येतो. उतारावर दम लागत नाही म्हणून वेग नकळत वाढतो, मांडीचे स्नायू ताणले जाऊन फाटल्यासारखे होतात, स्टॅटिन घेणाऱ्याला ते अधिक जाणवते, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा डायक्लोफिनॅक मागू लागतो. यावर काही अनुभवी धावपटूंनी काढलेला तोडगा म्हणजे घाट सरळ चालत चढायचा, वरच्या सपाटीवर हलके धावायचे आणि उतारावर पुन्हा आखडते घ्यायचे. वेळेची मर्यादा त्यात बसत नसेल तर अर्धमॅरेथॉनऐवजी त्या दिवशी रस्त्याकडेला पाणीवाटपाला उभे राहायचे, तेही बरेच जण करतात. शर्यतीआधीच्या दोन-तीन महिन्यांत ट्रेडमिल टेस्ट, आठवडाभर आधीपासून झोप, ताप-सर्दी असल्यास माघार, आदल्या दिवशी नवीन काहीही न खाणे, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला फोटोसाठी वेग न वाढवणे, ही त्यांची आचारसंहिता आहे, आणि शेवटचे कलम सर्वांत जास्त मोडले जाते.

छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदामागे नाव, रक्तगट, चालू औषधे आणि अडचणीच्या वेळी कळवायचा फोन यांसाठी जागा असते. ती बहुतेक जण कोरी ठेवतात. जे भरतात त्यांच्यातही एक नेहमीची गफलत आढळते: ते सोबत धावणाऱ्या मित्राचा नंबर लिहितात, आणि त्या मित्राचा फोन शर्यतभर खाली मैदानावर, गाडीच्या डिकीत, बंद असतो.